'क्वचितच घडते' ही सबब आता पुरे

फाइलसिस्टमचा कोड लिहिणाऱ्या मंडळींच्या तोंडी एक उत्तर कायमचे बसले आहे: "ही रेस थिअरेटिकल आहे हो." रिव्ह्यूमध्ये कोणी विचारले, की इथे इनोडचे लॉक का घेतले नाही, तर हेच ऐकायला मिळते. दोन थ्रेड नेमके त्याच क्षणी तिथे येणार कधी, आले तरी बिघडणार किती, आणि तेवढ्यासाठी वेग कशाला घालवायचा? मी पुण्यात स्टोरेजच्या धंद्यात काम करतो, दुसऱ्यांचे पॅच वाचणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, आणि या उत्तराची मला मनापासून चीड आहे. 'क्वचितच घडते' म्हणणाऱ्याने गृहीत धरलेले असते, की रेस कधी घडायची हे योगायोग ठरवतो. ते हल्ला करणारा ठरवतो. तो एकदा प्रयत्न करून घरी जात नाही. लूप लावून बसतो, आणि लाखातला एक फेरा जमला तरी त्याचे काम होते.

आधी मुद्दा नीट मांडतो. फाइलमधला मजकूर वेगळा आणि फाइलविषयीची नोंद वेगळी. मालक कोण, गट कोणता, कोणाला वाचता-लिहिता-चालवता येते, आकार किती, शेवटचा बदल कधी, ही माहिती युनिक्सच्या परंपरेत इनोड नावाच्या रचनेत असते. यांनाच आपण अ‍ॅट्रिब्यूट म्हणतो. ही फील्ड मेमरीत शेजारी शेजारी असली तरी सुटी सुटी नाहीत. परवानगीच्या बिटांना अर्थ येतो तो मालकाच्या नावामुळे, आणि मालकाच्या नावाला वजन येते ते त्या बिटांमुळे. म्हणून अ‍ॅट्रिब्यूट बदलणे म्हणजे एका चलात एक किंमत टाकणे असे समजून जो कोड लिहितो, तो पहिल्याच ओळीत चुकलेला असतो.

याचा पुरावा लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. सेटयूआयडी बिट असलेला प्रोग्राम कोणीही चालवला तरी तो फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. पासवर्ड बदलण्यासारख्या कामांना हा बिट लागतो. साहजिकच असा नियम आहे, की फाइलचा मालक बदलला की हा बिट काढून टाकायचा. नाहीतर सामान्य माणसाने स्वतःसाठी बनवलेला प्रोग्राम मालक बदलताच रूटच्या अधिकाराने धावू लागेल. नियम बरोबर होता, तो पाळणारा कोडही होता. पण कर्नलचे जे फंक्शन नवी अ‍ॅट्रिब्यूट इनोडमध्ये उतरवते, ते मालक आधी लिहिते, मग गट, मग वेळा आणि सर्वांत शेवटी मोड. मालक रूट झालेला आहे आणि सेटयूआयडी बिट अजून जागेवर आहे, अशी एक फट मध्ये उरते. एखाद्या मुखत्यारपत्रावर 'मालकाच्या वतीने सही करण्याचा अधिकार' दिलेला असावा, मालकाच्या रकान्यात अचानक जिल्हाधिकाऱ्यांचे नाव चढावे आणि पत्र रद्द करायचा शिक्का मात्र अजून टेबलावरच असावा, तसा हा प्रकार. तेवढ्या वेळात ज्याने सही केली त्याची सही जिल्हाधिकाऱ्यांची.

ही फट सीव्हीई-२०१५-३३३९ या क्रमांकाने नोंदली गेली. हल्ल्याची रीत साधी होती. स्वतःच्या मालकीची सेटयूआयडी फाइल तयार ठेवायची, ती पुन्हा पुन्हा चालवत राहायचे आणि अ‍ॅडमिन त्या डिरेक्टरीवर रूटच्या नावाने चाउन, म्हणजे मालक बदलायची कमांड, कधी चालवतो याची वाट पाहायची. तो ते कधीतरी चालवतोच. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या फाइली ताब्यात घेताना, बॅकअप परत आणताना हे रोजचे काम आहे.

आता यातली खरी गोम पाहा. चाउन करणारी बाजू निष्काळजी नव्हती. तिने इनोडचे लॉक रीतसर घेतले होते. त्या वेळी त्याला आय-म्युटेक्स म्हणत. २०१६ साली कर्नल ४.७ मध्ये त्याच्या जागी वाचणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना वेगळे ओळखणारे सेमाफोर आले. लॉक घेतले नव्हते ते वाचणाऱ्या बाजूने. प्रोग्राम चालवणाऱ्या एक्झेकच्या कोडने मोड वाचला, त्यात सेटयूआयडी दिसला, मग मालक वाचला, आणि दोन्ही वाचनांत लॉक कुठेच नाही. लिहिणाऱ्याने दार लावून घेतले होते आणि वाचणारा खिडकीतून आत बघत होता.

इथे हमखास एक शहाणा पुढे येतो: लिहिण्याचा क्रम उलटा करा, आधी बिट काढा, मग मालक बदला, लॉकची भानगडच नको. हा उपाय नाही. वाचणाऱ्याने मोड आधीच वाचून ठेवला, मग लिहिणाऱ्याने बिट काढून मालक बदलला, आणि त्यानंतर वाचणाऱ्याने मालक वाचला, तर त्याच्या हाती जुना मोड आणि नवा मालक पडतो. म्हणजे तीच चोरी. दोन फील्ड एकत्र अर्थ देत असतील तर ती एकत्र लिहावी लागतात आणि एकत्रच वाचावी लागतात. एका बाजूने घेतलेले लॉक कोणाचेही रक्षण करत नाही. कोड वाचणाऱ्याला सुरक्षित वाटावे एवढाच त्याचा उपयोग, आणि म्हणून ते जास्त घातक.

एप्रिल २०१५ मध्ये दुरुस्ती झाली. यान हॉर्न यांनी पाठवलेल्या त्या पॅचमध्येच म्हटले होते, की तो मुख्यतः लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिहिलेला आहे. वेगाच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी तो समोर ठेवून वाचावा. आधी लॉक न घेताच मोड पाहिला जातो. सेटयूआयडी किंवा सेटजीआयडी बिट नसेल तर फंक्शन तिथूनच परत फिरते. बिट दिसला तरच लॉक घेतले जाते आणि मोड, मालक, गट ही तिन्ही फील्ड लॉकखाली पुन्हा वाचली जातात. पहिले वाचन फक्त 'काही काम आहे का' हे कळण्यापुरते. निर्णय दुसऱ्या वाचनावर. मशीनवर चालणाऱ्या बहुतेक सगळ्या प्रोग्रामांना सेटयूआयडी नसतो, त्यांना या लॉकची एका पैचीही किंमत मोजावी लागत नाही. वेग आणि शुद्धता यांत निवड करावी लागते असे सांगणारा बहुधा दुसरा मार्ग शोधायला बसलेलाच नसतो.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच फंक्शनमध्ये पुन्हा फट निघाली, सीव्हीई-२०२४-४३८८२. मोड, मालक आणि गट आता लॉकखाली एकत्र वाचले जात होते, त्यामुळे तिघांचे आपसांत जुळत होते. पण फाइल चालवायची परवानगी आहे की नाही ही तपासणी कितीतरी आधी, फाइल उघडतानाच झालेली होती. तपासणी एका क्षणाच्या अ‍ॅट्रिब्यूटवर आणि अधिकाराचे वाटप दुसऱ्याच क्षणाच्या. समजा एखादी फाइल आधी सर्वांना चालवता येते आणि सेटयूआयडी नाही. नंतर अ‍ॅडमिन तिला सेटयूआयडी करतो आणि त्याच फटक्यात इतरांचा चालवण्याचा हक्क काढून घेतो. पहिल्या अवस्थेत तपासणी पास झालेला माणूस दुसऱ्या अवस्थेतले रूटचे अधिकार घेऊन बसतो. दोन्हींपैकी कोणत्याही एका अवस्थेत त्याला ते मिळाले नसते.

ही कल्पनेतली अवस्था नव्हे. पॅकेज मॅनेजर प्रोग्राम बसवताना नेमके हेच करतात: फाइल आधी साध्या परवानगीने ठेवतात, मग तिचा गट बदलून सेटयूआयडी लावतात. केस कुक यांच्या दुरुस्तीच्या टिपणात स्पष्ट नोंदले आहे, की ही रेस प्रत्यक्षात विरळ असली तरी अशा अपडेटच्या वेळी ती दिसली आहे आणि तिचा फायदा घेता येतो हे सिद्धही झाले आहे. 'विरळ' आणि 'सिद्ध' हे दोन शब्द एकाच टिपणात शेजारी बसू शकतात, हे ज्याला पटत नाही त्याने कर्नलच्या कोडला हात लावू नये. उपाय काही ओळींचा होता. लॉक हातात असतानाच चालवण्याची परवानगी पुन्हा तपासायची, आणि ती नाहीशी झालेली असेल तर वाढीव अधिकार द्यायचे नाहीत. तपासणी, निर्णय आणि ज्या किमतींवर निर्णय घेतला त्यांचे वाचन, सगळे एकाच लॉकखाली. याला मी अ‍ॅट्रिब्यूटच्या कामाचा पहिला नियम मानतो. तो मोडला की नऊ वर्षांनीसुद्धा त्याच ओळींपाशी परत यावे लागते.

कोणी म्हणेल, ही एका फंक्शनची कथा झाली. मग दुसरी घ्या. ईएक्सटी४ मध्ये फाइलला 'इम्यूटेबल' असा फ्लॅग लावता येतो. तो असेपर्यंत रूटलासुद्धा फाइल बदलता येत नाही. हे फ्लॅग मेमरीतल्या इनोडवर चढवणारा कोड आधी सगळे पुसायचा आणि मग डिस्कवरच्या नोंदीप्रमाणे पुन्हा लावायचा. पुसणे आणि लावणे यांच्या मध्ये, कधीही बदलू नये म्हणून शपथ घातलेली फाइल क्षणभर बदलण्याजोगी होत होती. २०१४ साली थिओडोर त्सो यांनी तिथे कम्पेअर-अँड-एक्स्चेंजची अणुक्रिया आणली, म्हणजे जुनी किंमत अजून तीच असेल तरच नवी एका झटक्यात बसते. दुरुस्ती उत्तम होती. पण ते काम पुढे ज्या सामाईक फंक्शनमध्ये गेले, त्याच्या डोक्यावरची टीप वाचून मला आजही राग येतो. ती सांगते, की हे बोलावणाऱ्याच्या हातात इनोडचे लॉक असायला हवे. सगळ्यांनी हा नियम पाळला असता तर ही अणुक्रिया लागलीच नसती. पण निदान एक वाट अशी आहे जी नियम पाळत नाही, म्हणून ही खबरदारी. मी लिहिणाऱ्याला दोष देत नाही. त्याने प्रामाणिकपणे लिहिले. माझा राग ज्या रीतीवर आहे ती अशी: नियम मोडणारी वाट माहीत आहे, तरी ती बंद करण्याऐवजी तिच्यासाठी पुढे उशी ठेवायची.

तिसरे उदाहरण फाइलच्या आकाराचे. आकार ६४ बिटांचा. ३२ बिटांच्या मल्टिप्रोसेसर मशीनवर तो दोन तुकड्यांत लिहावा लागतो, म्हणून वाचणाऱ्याला वरचा तुकडा जुना आणि खालचा नवा मिळू शकतो. त्यावर कर्नलने एक मोजणी ठेवली. लिहिणारा सुरुवातीला ती एकने वाढवतो, म्हणजे विषम करतो, आणि लिहून झाल्यावर पुन्हा एकने वाढवून सम करतो. वाचणाऱ्याला विषम दिसली, किंवा वाचता वाचता बदललेली दिसली, तर तो पुन्हा वाचतो. वाचणाऱ्याला लॉक लागत नाही, ही सुंदर युक्ती आहे. पण ती एका अटीवर उभी आहे: एका वेळी लिहिणारा एकच हवा. दोघे लॉक न घेता एकदम घुसले तर एकाची वाढ हरवू शकते, मोजणी विषमच राहते आणि यापुढे त्या फाइलचा आकार वाचायला येणारा प्रत्येक जण कायमचा गोल गोल फिरत बसतो. क्रॅश नाही, एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. नुसता जळणारा प्रोसेसर. कर्नलच्या हेडरमध्ये हा इशारा शब्दांत लिहिलेला आहे. तरीही 'आकार तर बदलतोय फक्त' म्हणून लॉकशिवाय लिहिणारा पॅच नव्या फाइलसिस्टमच्या कोडमध्ये येतो, आणि पाठवणाऱ्याने तो इशारा वाचलेला नसतो.

लॉकशिवाय वाचण्याला माझा विरोध नाही. २०११ साली कर्नल २.६.३८ मध्ये पाथ शोधण्याचे काम आरसीयू नावाच्या तंत्राच्या आधारे लॉक न घेता होऊ लागले आणि त्यातून मोठा वेग मिळाला. पण तिथे प्रत्येक पायरीवर मोजणी पडताळली जाते आणि जरा संशय आला की सगळे सोडून जुन्या, सावध वाटेने जावे लागते. लॉक काढून टाकायचे असेल तर त्याच्या जागी हा हिशेब मांडायला हवा. नुसते लॉक गाळायचे आणि त्याला ऑप्टिमायझेशन म्हणायचे, ही फसवणूक आहे.

आता दुसरे समर्थन: "कन्व्हेन्शन आहे, डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेले आहे." हो, लिहिलेले आहे. कोणते ऑपरेशन कोणत्या लॉकखाली बोलावले जाते याचा तक्ता कर्नलच्या दस्तऐवजात आहे. अ‍ॅट्रिब्यूट बदलताना इनोडचे लॉक एकट्याच्या ताब्यात हवे असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. पण कागदावरचा नियम कंपायलर वाचत नाही. अ‍ॅट्रिब्यूट बदलण्याच्या मुख्य दाराशी, नोटिफाय-चेंज या फंक्शनमध्ये, एक तपासणी आहे. ती विचारते: इनोडला लॉक लागलेले आहे का? कोणाचे लॉक, हे ती विचारत नाही. तुम्ही लॉक न घेता आलात आणि त्या क्षणी दुसऱ्याच थ्रेडने ते घेतलेले असेल, तर ती समाधानाने तुम्हाला आत सोडते. म्हणजे ज्या वेळी खरी टक्कर होते आहे, नेमक्या त्याच वेळी ती गप्प बसते. बरे, चूक सापडली तरी इशारा एकदाच छापायचा आणि काम चालू ठेवायचे. असल्या पहाऱ्यावर विसंबून नियम पाळला जातो म्हणणे मला मान्य नाही.

नियम एकच आणि त्याच्या नकला अनेक, हा त्याच रोगाचा पुढचा टप्पा. २०१८ साली आढळले, की सेटजीआयडी डिरेक्टरीत त्या गटाबाहेरचा माणूस त्या गटाच्या अधिकाराने चालणारी फाइल तयार करू शकतो. सामाईक फंक्शन दुरुस्त झाले. एक्सएफएसकडे त्याच नियमाची स्वतःची नक्कल होती, ती तशीच राहिली, आणि तोच दोष सीव्हीई-२०२१-४०३७ म्हणून पुन्हा नोंदवावा लागला. ओव्हरलेएफएसने आणखी वेगळी वाट काढली होती: खालच्या थरातली फाइल वर कॉपी करणे आणि तिची अ‍ॅट्रिब्यूट बदलणे ही दोन कामे एकत्र उरकायची. त्या घाईत परवानगीची तपासणीच निसटली. नेहमीचे दार टाळून बाजूने गेले की दारावरची तपासणीही टळते, हे कळायला सीव्हीई लागू नये.

तिसरे समर्थन सर्वांत निर्लज्ज आहे: "हल्लेखोराला आधी मशीनवर लॉगिन लागेल, लोकल बग आहे." आज एका मशीनवर शेकडो कंटेनर चालतात, आणि त्यांचा कर्नल एकच असतो. शेजारच्या कंटेनरमध्ये कोणाचा कोड आहे हे तुम्हाला माहीत नाही. वेबसाइटच्या एखाद्या भोकातून साध्या युजरच्या अधिकाराने आत शिरलेल्याला रूटपर्यंत नेणारा जिना म्हणजेच हा लोकल बग. २०१६ चा डर्टी काउ आठवा: मेमरीच्या कोडमधली अशीच एक रेस, २००७ पासून कर्नलमध्ये मुक्कामाला होती, आणि उघड झाली तेव्हा तिचा वापर आधीच सुरू झालेला होता.

तेव्हा करायचे काय, तेही सांगतो. इनोडसारख्या रचनेतल्या प्रत्येक फील्डपाशी त्याचे रक्षण कोणते लॉक करते ते लिहिलेच पाहिजे, आणि ते यंत्राला तपासता येईल अशा रीतीने. इंगो मोल्नार यांचे लॉकडेप २००६ पासून कर्नलमध्ये आहे. 'हे लॉक माझ्याच हातात आहे का' हा बरोबर प्रश्न त्याला विचारता येतो. लॉकशिवाय होणारे वाचन-लेखन पकडणारे केसीएसएएन २०२० मध्ये आले. ही हत्यारे चालू ठेवून ज्याने चाचणी केलेली नाही तो पॅच वाचायलाच घेऊ नये. अ‍ॅट्रिब्यूट बदलण्याचे दार एकच ठेवावे, आणि ज्या फाइलसिस्टमला स्वतःची नक्कल हवी असेल तिने कारण लेखी द्यावे. सी भाषेत लॉक आणि डेटा यांचे नाते फक्त माणसाच्या डोक्यात राहते. रस्टमध्ये लॉक घेतल्याशिवाय आतला डेटा हाताला लागतच नाही, आणि डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून कर्नलमध्ये रस्टला जागा आहे. तिच्याविषयी ज्यांना शंका आहेत त्यांनी त्या जरूर मांडाव्यात, पण 'आम्ही सावध राहू' हे उत्तर आता चालणार नाही. सावध राहून काय होते ते २०१५ आणि २०२४ या दोन सालांनी दाखवले आहे.

आणि जबाबदारी कर्नलपुरती नाही. कमांडवर 'गटाला लिहायची परवानगी वाढव' असे चमोड दिले की ते आधी जुना मोड वाचते, त्यात बदल करते आणि पूर्ण नवा मोड लिहिते. दोन स्क्रिप्टांनी हे एकदम केले तर एकीचा बदल मुकाट्याने पुसला जातो, कारण वाचणे आणि लिहिणे या दोन वेगळ्या सिस्टम कॉलच्या मध्ये कोणतेही लॉक नाही. डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टा लिहिणाऱ्यांनी पूर्ण मोड आकड्यांत द्यावा, आणि फाइल आधी खाजगी जागी हव्या त्या परवानगीसह पूर्ण तयार करून मग रिनेमने जागेवर आणावी. अर्धवट अवस्था कोणाला दिसूच नये, हाच नियम इथेही लागू.

शेवटी आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांविषयी. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला टेबलाभोवती जेवायला बसलेले तत्त्वज्ञ आणि उत्पादक-ग्राहकांचे बफर वर्षानुवर्षे गिरवले जातात. सेमाफोरची व्याख्या पाठ असलेली मुले मुलाखतीला येतात, पण 'हे लॉक नेमक्या कोणत्या फील्डांसाठी आहे, आणि ती वाचणारा प्रत्येक जण ते घेतो का' असे विचारले की गप्प होतात. त्यांचा दोष नाही. हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. २०१५ पूर्वीचे एक्झेकचे ते छोटे फंक्शन छापून त्यांच्या हाती द्या, शेजारी चाउनचा कोड ठेवा आणि फट शोधायला सांगा. एक तास पुरतो. ती शोधून, क्रम उलटा करूनही ती का बुजत नाही हे ज्याला समजावून सांगता येईल, तो विद्यार्थी मला उद्या कामावर हवा आहे.